थंडीतील बाग आणि रानातले शेजारी

(मावळातील बागायतदारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



थंडीतील बागकामाविषयी चार शब्द सांगावेत, असे मला सुचविण्यात आले आहे. छाटणी, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल विद्यापीठातील शास्त्रज्ञ आपल्याला वेळोवेळी मार्गदर्शन करतातच. मी माळीकाम करणारा माणूस आहे. सकाळी लोणावळ्याच्या बंगल्यांच्या बागा आणि दुपारनंतर घरची थोडी जमीन, असा माझा नित्यक्रम. त्यामुळे आज मी थोड्या वेगळ्या बाजूने बोलणार आहे. मार्गशीर्ष-पौषात बागेत काम करताना ज्या वन्यप्राण्यांशी, पक्ष्यांशी आणि सापांशी आपली रोज गाठ पडते, त्यांच्याबद्दल बोलायचे आहे. यात पिकाच्या नुकसानीचा प्रश्न आहेच. त्याहून मोठा प्रश्न पहाटे अंधारात फुले तोडायला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या आणि रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या आपल्या मुलांच्या जिवाचा आहे.

थंडीतच गाठ का पडते?

आपला तालुका तसा अजब आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि वडगाव-तळेगावकडे येईपर्यंत तो झपाट्याने उतरतो. पश्चिमेला घाटाचे जंगल, मधे भातखाचरे आणि पूर्वेला बागायत, असे तीन पट्टे अगदी जवळजवळ आहेत. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला 'इंद्रायणी' भात आज घरोघर आहे. दिवाळीच्या आगेमागे त्याची कापणी होते, पुढे मळणी उरकते आणि खाचरे मोकळी पडतात. त्याच सुमारास डोंगरावरचे गवत पिवळे पडते, लहान ओढे आटू लागतात. पौषात एखाद्या टेकडीवर उभे राहून खाली पाहिले, तर हिरवे काय दिसते? आपली बाग, आपला भाजीपाला, हरभऱ्याचे खाचर आणि बंगल्याची हिरवळ.

म्हणजे या दिवसांत आपली बाग तीन गोष्टी पुरविते. पहिली गोष्ट पाणी. दुसरी ऊब, म्हणजे पेंढ्याची उडवी, पालापाचोळ्याचे आच्छादन, खताचा खड्डा, पॉलिहाऊसचा आडोसा. तिसरी गोष्ट खाणे. त्यात पीक आले आणि पिकावर येणारे उंदीरही आले. भात निघाल्यावर बांधातले उंदीर उडवीत आणि बागेत येतात. उंदरामागे साप, घुबड आणि मुंगूस येतात. पाण्यामागे रानडुक्कर येते आणि वाडीवरच्या कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हे सारे आपल्यावर चाल करून आलेले नसतात. गरजेपोटी आलेले असतात आणि प्रत्येकाच्या येण्याजाण्याची वेळ ठरलेली असते. ती वेळ ओळखून आपण आपले काम लावले, तर बहुतेक धोके टळतात. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. आता पहाटेपासून रात्रीपर्यंत क्रमाने पाहू.

पहाट : घोणस

धुंधुरमासाचे दिवस म्हणजे फुलांच्या कामाची धांदल. चौदा फेब्रुवारीच्या बाजारासाठी गुलाबाची छाटणी डिसेंबरच्या मध्याला होते आणि जानेवारी संपता संपता तोडणीचा जोर वाढतो. फूल थंड वेळेतच तोडावे लागते, म्हणून बायामाणसे उजाडण्यापूर्वीच ओळीत उतरतात. काही रात्री पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेला असतो. याच वेळी घोणस अंगाचे वेटोळे करून आच्छादनाखाली, ठिबकच्या नळीशेजारी किंवा उडवीच्या बुडाशी पडलेली असते.

साप शरीरात स्वतःची उष्णता निर्माण करू शकत नाही. म्हणून थंडीत घोणस सुस्त असते आणि ऊन वर आले की उघड्यावर ऊन खात पडते. एरवी ती रात्री फिरणारी. पण या दिवसांत दिवसाही आढळते. शिवाय तिच्या मीलनाचा काळही साधारण थंडीतच येतो, त्यामुळे ती अधिक नजरेस पडते. धामण चाहूल लागताच पळते. घोणस पळत नाही. जागेवर दबून राहते, कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते आणि त्याकडे दुर्लक्ष झाले तर विजेच्या वेगाने चावा घेते.

ओळख सोपी आहे. अंग जाड, शेपटी आखूड, डोके त्रिकोणी आणि पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन ओळी. काहीजण तिला अजगराचे पिल्लू समजून हात लावतात, तर काहीजण बिनविषारी डुरक्या घोणस समजतात. हे दोन्ही गैरसमज जिवावर बेततात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. त्यांची चित्रे पॅकिंग शेडमध्ये लावून ठेवावीत आणि कामावरच्या प्रत्येक माणसाला ती दाखवावीत.

पहाटेच्या कामासाठी पुढील काळजी घ्यावी.

१. तोडणीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायात गमबूट असावा. सापाचे बहुतेक चावे पायाला होतात. चप्पल घालून किंवा अनवाणी कोणालाही ओळीत उतरू देऊ नये.

२. दोघींत मिळून एक बॅटरी पुरत नाही. प्रत्येकीच्या डोक्याला बांधायची बॅटरी असावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

३. पालापाचोळा, पेंढा किंवा रिकामी पोती हाताने उचलू नयेत. आधी दाताळ्याने किंवा लांब काठीने हलवावीत. कंपोस्टच्या खड्ड्यालाही हाच नियम लावावा.

४. आच्छादन झाडाच्या बुंध्यापासून वीतभर लांब ठेवावे आणि चालण्याच्या वाटा स्वच्छ ठेवाव्यात. उडवी राहत्या घरापासून आणि पॅकिंग शेडपासून दूर रचावी.

५. तण काढणे, पाला गोळा करणे ही वाकून करायची कामे ऊन चांगले पसरल्यावरच लावावीत. पहाटे फक्त तोडणी करावी.

साप चावला तर

एवढी काळजी घेऊनही प्रसंग आलाच, तर काय करावे हे आधीच ठरलेले असावे. चावा झालेल्या माणसाला खाली बसवावे आणि धीर द्यावा. हातातल्या बांगड्या, अंगठी, पायातली जोडवी लगेच काढावीत, कारण घोणस चावल्यावर सूज भराभर चढते. चावलेला भाग फळीचा किंवा काठीचा आधार देऊन स्थिर ठेवावा. त्या माणसाला चालवू नये. जखमेवर ब्लेड मारणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने करकचून बांधणे यांतले काहीही करू नये. मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस ठेवलेली असते, याची चौकशी हंगाम सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावी आणि तो फोन क्रमांक शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. घोड्याच्या रक्तापासून तयार होणारी ही लस वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. त्या धडपडीत दुसऱ्या माणसालाही चावा बसू शकतो.

घोणशीचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी करते. डॉक्टर थोडे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते गोठते की नाही हे पाहतात. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाणे ही पुढची लक्षणे असतात आणि मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. म्हणून 'आता बरे वाटते आहे' असे म्हणून कोणीही दवाखान्यातून लवकर घरी येऊ नये.

एक गोष्ट मनापासून सांगतो. श्रावणात आपण नागाची पूजा करतो आणि पौषात दिसेल त्या सापावर काठी उगारतो. त्यात सर्वांत जास्त बळी जातो तो धामणीचा. धामण बिनविषारी आहे आणि बागेतल्या उंदरांना तिच्यासारखा पहारेकरी नाही. तिला मारले की उंदीर वाढतात आणि वाढलेल्या उंदरांमागे घोणस येते. साप दिसला तर दूर उभे राहून लक्ष ठेवावे आणि वनविभागाला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवावे.

उंदरांच्या औषधाबाबतही तसेच आहे. ब्रोमॅडिओलोनसारखे औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तपणे फिरतो. त्याला गव्हाणी घुबड, मुंगूस किंवा मांजर खाते आणि तेही मरते. म्हणून बागेत आधी बांध अरुंद व स्वच्छ ठेवणे, बिळे बुजविणे आणि पिंजरे लावणे हे उपाय करावेत. औषध वापरायची वेळ आलीच, तर मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरावेत.

सकाळ : पंखांचे मजूर

ऊन वर आले की बागेत वेगळेच पाहुणे दिसतात. नळाजवळ शेपटी थरथरवत बसणारा थिरथिरा, हिरवळीवर तुरुतुरु चालणारा धोबी, कुंपणाच्या टोकावरचा गप्पीदास. हे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी आहेत आणि त्यांचा मुख्य आहार किडे-अळ्यांचा आहे. थिरथिरा दिसू लागला की थंडीच्या कामांची तयारी करावी, असा आम्हा माळ्यांचा साधा हिशेब असतो.

भातानंतर ज्यांनी खाचरात हरभरा केला आहे, त्यांनी या पाहुण्यांना आणि इथल्या कोतवाल, साळुंकी, वेडा राघू यांना जरूर कामाला लावावे. घाटेअळीसाठी एकरी सुमारे वीस पक्षीथांबे उभारावेत. काठीवर आडवी काडी बांधून इंग्रजी 'टी' अक्षरासारखा आकार केला की झाला थांबा. तो पिकाच्या वर एक-दोन फूट असावा. खर्च काहीच नाही, आणि कोतवाल त्यावर बसून दिवसभर अळ्या टिपतो. घाटे पक्व होऊ लागले की थांबे काढून घ्यावेत, नाहीतर त्यांचा उपयोग पोपटही करून घेतात.

दुपार : मधमाशी आणि माकड

याच काळात आंब्याला मोहोर येऊ लागतो, बांधावर मोहरी फुललेली असते आणि दुपारच्या उबेत मधमाशी कामावर निघते. पहाटेच्या गारठ्यात ती पोळ्यातच असते. म्हणून मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी. ती अगदीच अटळ असेल, तर माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी. आपल्या भागात कड्याकपारींवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळे असतात. त्यांच्या खाली पालापाचोळा पेटवू नये, धूर करू नये, आणि पर्यटकांनाही ते करू देऊ नये. आग्या माशी उठली की एकट्यादुकट्यावर थांबत नाही.

दुपारचा दुसरा पाहुणा म्हणजे माकड आणि वानर. लोणावळ्यात यांचा उपद्रव वाढण्यास आपण माणसेच कारणीभूत आहोत. पर्यटक हाताने खाऊ घालतात, बंगल्यांचा ओला कचरा उघड्यावर पडतो आणि माकडाला माणसाची भीती उरत नाही. मग ते पेरू, पपई आणि कुंड्यांतली रोपेही सोडत नाही. बंगल्याची बाग सांभाळणाऱ्या बांधवांनी मालकाला स्पष्ट सांगावे, की कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण नसेल तर फळझाडांची हमी देता येणार नाही. पेरूची फळे पिशवीने झाकावीत आणि पिकू लागलेले फळ झाडावर ठेवू नये. माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवू नये आणि त्याच्या पिलाच्या जवळ जाऊ नये.

रात्र : पाणी आणि बिबट्या

कडाक्याची थंडी पडली, की रोपवाटिकेला आणि लहान कलमांना रात्री किंवा पहाटे विहिरीचे हलके पाणी द्यावे, अशी शिफारस आपण ऐकतो. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते, म्हणून ती शिफारस योग्यच आहे. परंतु त्यासाठी माणसाने एकट्याने अंधारात जाणे योग्य नाही. शक्य असेल तेथे दिवस मावळण्यापूर्वी पाणी भरून घ्यावे आणि रोपे पोत्यांनी किंवा गवताने झाकावीत. ज्यांच्या फीडरला अजूनही रात्रीची वीज मिळते, त्यांनी ठिबकला वेळेचा स्विच बसवावा. जाणे भागच असेल, तर दोघांनी जावे, हातात बॅटरी व काठी घ्यावी आणि मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चालावे.

रात्री साळिंदर कंद उकरते, रानडुक्कर पाणी दिलेली मऊ जमीन नांगरून ठेवते. म्हणून काहीजण कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतात. बंधूंनो, हा गुन्हा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे त्या तारेला शेजाऱ्याचा पोरगा चिकटू शकतो. सौर कुंपणाचा झटका क्षणापुरता असतो. त्याने प्राणी मागे फिरतो, मरत नाही. कुंपण करायचे असेल तर तेच करावे.

आता बिबट्याविषयी. सह्याद्रीत जागोजाग वाघोबाची ठाणी आहेत. म्हणजे हा शेजार आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होता. अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला. वाडीवर मोकाट कुत्री आणि उघड्यावर टाकलेले मांसाचे तुकडे असतील, तर बिबट्याला आपण पानच वाढून ठेवले आहे असे समजावे.

'पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा' ही मागणी लगेच होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागातील अनुभवाचा अभ्यास करून तो २०११ साली प्रसिद्ध केला. बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यानंतर, जेथे सोडले त्या परिसरात माणसांवरील हल्ले वाढल्याचे त्यात दिसून आले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त वनविभागाने केलाच पाहिजे. शिरूर-जुन्नर भागातील लोकांनी जे भोगले आहे, ते पाहता त्यात दुमत नसावे. मात्र नुसता दिसलेला बिबट्या आणि हल्ला करणारा बिबट्या, यांत फरक करावा.

आपल्या हातात पुढील गोष्टी आहेत. गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असावा. लहान मुलांना अंधार पडल्यावर अंगणात एकटे सोडू नये. घरापासून दूर उघड्यावर शौचास बसू नये, कारण बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. घराभोवतीचे गवत कापून मोकळी जागा ठेवावी. विहिरीला कठडा बांधावा. त्याने जनावरही वाचते आणि माणूसही.

गर्दीचा धोका

एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूड भागात एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी जमली, आरडाओरडा झाला, गवा जिवाच्या आकांताने धावत सुटला आणि पकडल्यानंतर त्याच दिवशी मेला. त्याच महिन्यात बावधन-पाषाणकडे दुसरा गवा दिसला. या वेळी लोकांना लांब ठेवण्यात आले आणि तो जंगलाच्या दिशेने निघून गेला. जनावर तेच, शहर तेच. फरक पडला तो माणसांच्या वागण्याने. आपल्या गावात असा प्रसंग आला तर त्याची वाट मोकळी ठेवावी, मोबाईलवर फोटो काढायला धावू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिकाचे किंवा जनावराचे नुकसान झाले असेल, तर वनविभागाला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत जागा तशीच ठेवावी. उशीर झाला की भरपाई अडते.

वणवा

शेवटचा मुद्दा वणव्याचा. संक्रांतीनंतर डोंगराचे गवत पूर्ण वाळते. चांगले गवत उगवावे म्हणून, राबाची आग आवरली नाही म्हणून किंवा फेकलेल्या विडीमुळे डोंगर पेटतो. आग लागली की रानातले सारे जीव खाली, आपल्या बागेकडे धावतात. ज्या डुकरांना आणि सापांना आपण भितो, त्यांना आपणच असे हाकून आणतो. शिवाय माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात वाहून खाचरात येते. म्हणून जंगलाला लागून जमीन असणाऱ्यांनी पौषातच गावाने मिळून जाळपट्टे काढावेत. राब भाजताना वारा पडलेला असावा आणि पाण्याची कळशी जवळ असावी.

बंधू-भगिनींनो, माळी जमिनीचा सातबारा पाहून झाडे लावतो, पण रानातल्या जीवांना सातबारा कळत नाही. त्यांना पाणी, ऊब आणि खाणे कळते. या तिन्ही गोष्टी आपण कोठे, केव्हा आणि कशा ठेवायच्या, हे मात्र आपल्या हातात आहे. यंदा छाटणीची यादी कराल, तेव्हा खते आणि औषधांच्या शेजारी गमबूट, डोक्याच्या बॅटऱ्या आणि एक लांब दाताळे यांचीही नोंद करा. या तिन्हींचा खर्च एका फवारणीहून फार नाही. पहाटे ओळीत उतरलेली प्रत्येक बाई भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी करायला सुखरूप घरी परतली पाहिजे, हाच आपल्या हंगामाचा पहिला नफा.